प्रश्न विचारणारीला जागा कुठे आहे?

(मंडळाच्या अभ्यासबैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काही जणींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. संगणकाचं काम करणारे लोक त्यांच्या कट्ट्यावर एकमेकांशी कसं बोलतात, याच्याशी बायकांच्या चळवळीचा काय संबंध? घरातली मारहाण, कामाच्या जागचा छळ, पाणी, रेशन एवढे विषय पुढ्यात असताना हे कशाला? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आधी संबंध सांगते.

आपल्या मुली आज मोठ्या संख्येनं या कामात आहेत. ज्या घरात आईचं शिक्षण सातवीला थांबलं, त्या घरातली मुलगी आज हिंजवडीला नाहीतर ऐरोलीला संगणकासमोर बसून पगार मिळवते आहे. मी स्वतः गेली बावीस वर्षं प्रोग्रामिंगचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलींना शिकवते. प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला समजेल अशा भाषेत सूचना लिहिणं. हे काम पाठांतरानं येत नाही. यात माणूस रोज अडतो. एखादा कंस राहिला, एखादं अक्षर चुकलं की सगळं बंद. मग कुणाला तरी विचारावं लागतं. ज्याला विचारायला माणूस आहे तो पुढे जातो, ज्याला नाही तो तिथेच राहतो.

आता विचारायला माणूस कुणाला मिळतो ते पाहा. मुलांच्या वसतिगृहात रात्री दोन वाजताही शेजारच्या खोलीचं दार वाजवता येतं. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या शंका सुटतात. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळीच बंद होतं. ज्या मुली घरून ये-जा करतात त्यांना घरी गेल्यावर पोळ्या लाटायच्या असतात. ज्ञान पुस्तकात असतं हे खरं, पण ते हातात पडतं ओळखीपाळखीतून. आणि त्या ओळखी कुणाच्या असतात, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच २००८ साली जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोन अमेरिकन प्रोग्रामरांनी स्टॅक ओव्हरफ्लो नावाचा कट्टा इंटरनेटवर उघडला, तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. कुणीही यावं, प्रश्न विचारावा, जाणकारांनी उत्तर द्यावं, आणि ते उत्तर जगात कुणालाही फुकट वाचता यावं. ओळख नको, फी नको, फाटक नाही. तुमच्याआमच्या मुलींना याचा किती उपयोग झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या कट्ट्यानं केलेलं काम मी कमी लेखत नाही, हे सुरुवातीलाच सांगते.

पण काही वर्षांतच तक्रार ऐकू येऊ लागली, की हा कट्टा पूर्वीसारखा राहिला नाही, नव्या माणसाला इथे झिडकारतात. जुने सदस्य म्हणत, तसं काही नाही. नवे लोकच आळशी आहेत, न शोधता विचारतात, घरचा अभ्यास आमच्याकडून करून घेतात. हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानं जाहीर लिहिलं, की आमची जागा स्वागतशील नाही; पुष्कळांना, विशेषतः नवशिक्यांना, स्त्रियांना आणि गौरेतरांना ती शत्रुत्वाची वाटते, आणि हे बदललं पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वागणुकीची नवी नियमावली आली.

आकडे काय सांगतात? या कंपनीनं २०१५ साली जगभरच्या प्रोग्रामरांची जी पाहणी केली तिच्यात उत्तर देणाऱ्यांपैकी स्त्रिया होत्या ५.८ टक्के. २०२२ च्या पाहणीतही हा आकडा पाच टक्क्यांच्याच आसपास होता. पाहणीला उत्तर देणारे म्हणजे सगळे सदस्य नव्हेत, हे धरूनही शंभरात पाच-सहा हा आकडा बोलका आहे. या व्यवसायात स्त्रिया कमी आहेत हे खरं, पण इतक्या कमी नाहीत. म्हणजे कामावर आहेत आणि कट्ट्यावर नाहीत, किंवा कट्ट्यावर येतात, वाचतात, आणि तोंड न उघडता जातात.

का उघडत नाहीत, यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी २२ स्त्रियांशी सविस्तर बोलून त्यांनी भाग घेण्याच्या आड येणारे १४ अडथळे नोंदवले. मग १,४७० स्त्रीपुरुषांना विचारलं, की यातले कोणते तुम्हांला जाणवतात. पाच अडथळे स्त्रियांना पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त जाणवत होते. आपल्याला पुरेसं येत नाही ही शंका, इतक्या मोठ्या गर्दीशी स्पर्धा करण्याचं दडपण, तिथल्या सोयींची नीट माहितीच नसणं, हे त्यांतले काही. आणि लक्षात घ्या, ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांत कधीच न लिहिणाऱ्या होत्या, तशी त्या कट्ट्यावरच्या पहिल्या शंभर मानकऱ्यांत गणली जाणारी एक स्त्रीही होती.

यातला एक मुद्दा नीट पाहू. यादीतल्या या गोष्टी म्हणजे कुणी शिवी दिली, कुणी अंगचटीला आलं, अशातल्या नाहीत. तसले प्रकार इंटरनेटवर होतात, त्यांच्याविरुद्ध लढावंच लागतं. पण या गोष्टी कुणा एका वाईट माणसाच्या वाईट वागण्यातून आलेल्या नाहीत. मग कशातून आल्या? माझं उत्तर असं, की त्या त्या जागेच्या रचनेतून आल्या. आज मला एवढंच मांडायचं आहे.

रचना कशी होती, सांगते. सगळा कारभार गुणांवर. तुमचं उत्तर कुणाला आवडलं की तुम्हांला १० गुण. नापसंत केलं की २ कमी. जसे गुण वाढतील तसे अधिकार वाढत. मूळच्या नियमांप्रमाणे १५ गुण झाले की दुसऱ्याला पसंती देता येई, ५० झाले की दुसऱ्याच्या लिखाणाखाली शेरा मारता येई, १२५ ला नापसंतीचं मत मिळे, आणि ३,००० गुण झाले की दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येई. म्हणजे नव्या बाईला प्रश्न विचारता येत होता, पण दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाखाली 'मलाही हीच अडचण आहे, तुमचं काय झालं?' एवढं पुसता येत नव्हतं. आणि २०१० पासून २०१९ पर्यंत आणखी एक नियम होता. चांगल्या उत्तराला १० गुण, पण चांगल्या प्रश्नाला ५. प्रश्न विचारणारीची किंमत निम्मी! २०१९ च्या नोव्हेंबरात ती सारखी केली.

आणखी एक प्रथा ऐका. प्रश्नाच्या सुरुवातीला नमस्कार, शेवटी आभार असं काही लिहिलं तर ते खोडत. त्याला ते निरर्थक भर म्हणत. यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. हा कट्टा म्हणजे गप्पांची जागा नाही, हे ग्रंथालय आहे, अशी त्यांची धारणा. आज विचारणाऱ्या एकीपेक्षा उद्या वाचायला येणाऱ्या हजारांची सोय महत्त्वाची. म्हणून एक प्रश्न एकदाच. दुसऱ्यानं विचारला की 'आधीच विचारला आहे' असा शिक्का मारून बंद. या शिस्तीमुळेच तिथली उत्तरं नेमकी आणि भरवशाची राहिली, आणि त्याचा फायदा मीही रोज घेतला.

पण ग्रंथालयात पुस्तकं लावून ठेवणारा एक आणि दारात उभं राहून 'ये, बस, काय हवंय?' म्हणणारी एक, अशी दोन माणसं लागतात. या कट्ट्यावर पहिल्या कामाला गुण होते, दुसऱ्याला नव्हते. नव्या मुलीचा गोंधळलेला प्रश्न समजून घेणं, तिला तो नीट मांडायला मदत करणं, तिच्या चार चुका सोसून पाचव्यांदा सांगणं, या कामाची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. उलट दहा सेकंदांत प्रश्न बंद करणारा कर्तव्यदक्ष ठरायचा.

आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या देशाच्या जनगणनेत घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या रकान्यात जाते. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत तिनं केलेलं सगळं त्या रकान्यात नाहीसं होतं. जे मोजलं जात नाही त्याला काम म्हणत नाहीत, आणि ज्याला काम म्हणत नाहीत ते करायला कुणी पुढे येत नाही. ज्यांना ते लादून घ्यावंच लागतं तेवढेच करतात. जिव्हाळा हाही श्रमच आहे हे आपण चुलीपाशी शिकलो. तोच नियम संगणकाच्या कट्ट्यालाही लागू पडतो.

म्हणून 'लोक पूर्वीपेक्षा तुसडे झाले का?' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. सुरुवातीला मोजके जाणकार, बरेचसे एकाच मुशीतले होते. त्यांना परस्परांचा नेमकेपणा हाच मैत्रीचा भाग वाटत होता. पुढे लाखो नवे लोक आले, त्यांत शिकाऊ होते, इंग्रजी कच्चं असलेले होते. स्वागताचं काम शंभरपट वाढलं आणि ते करणाऱ्याला मिळणारं श्रेय शून्यच राहिलं. माणसं तीच, नियम तेच, पण दारातली गर्दी बदलली. मग थकलेला माणूस खेकसतो. त्याचं खेकसणं क्षम्य ठरत नाही, पण त्याचं कारण केवळ त्याच्या स्वभावात शोधून भागणार नाही.

इंग्रजीचा उल्लेख केला म्हणून एक उदाहरण देते. आपल्याकडे वर्गात मुलगी हात वर करून म्हणते, 'सर, एक डाउट आहे.' तिच्या लेखी डाउट म्हणजे न समजलेली गोष्ट. अमेरिकन माणसाच्या इंग्रजीत डाउट म्हणजे अविश्वास. तो वाचतो आणि म्हणतो, हिला भाषा येत नाही. त्या एका शब्दावरून ती बाहेरची ठरते. या कट्ट्यानं पुढे पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी भाषांत वेगळ्या शाखा काढल्या. मराठी सोडाच, एकाही भारतीय भाषेत निघाली नाही.

कुणी म्हणेल, ताई, गुणवत्ता असेल तर लिंग कोण विचारतं? तिथे तर चेहराही दिसत नाही. यावरही अभ्यास झाला आहे. गिटहब नावाची दुसरी जागा आहे, तिथे प्रोग्रामर एकमेकांच्या प्रकल्पांत सुधारणा सुचवतात आणि प्रकल्पवाले त्या स्वीकारतात किंवा नाकारतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण पाहता स्त्रियांच्या सुधारणा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्याचं दिसलं, ७८.६ टक्के, तर पुरुषांच्या ७४.६. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न निकालात निघाला. पण त्या प्रकल्पात नवख्या असलेल्या आणि नावावरून वा चित्रावरून बाई म्हणून ओळखू येणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण मात्र पुरुषांच्या खाली घसरलं. बाई आहे हे कळेपर्यंत काम चांगलं होतं!

बरं, रचना बदलता येत नाही का? येते, आणि याचा पुरावा त्याच कट्ट्यावर आहे. संशोधकांनी तिथे महिनाभर एक प्रयोग केला. नवा माणूस प्रश्न लिहायला बसला की त्याला आधी एका मदतीच्या खोलीत बोलवायचं. तिथे अनुभवी सदस्य त्याचा कच्चा मसुदा वाचून सांगत, की हे वाक्य स्पष्ट कर, कोडचा हा तुकडा जोड, मग चारचौघांत मांड. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. अशा रीतीनं तयार झालेल्या प्रश्नांना मिळणारी सरासरी पसंती ५० टक्क्यांनी वाढली. म्हणजे दर्जा राखायचा तर झिडकारलंच पाहिजे, हा युक्तिवाद टिकत नाही. आधी हात धरला तर प्रश्नही सुधारतो आणि माणूसही राहतो. फक्त हात धरणाऱ्याचा वेळ कुणीतरी मोजला पाहिजे.

दरम्यान काळ पुढे गेला. २०२१ मध्ये हा कट्टा प्रोसस या कंपनीनं १८० कोटी डॉलरना विकत घेतला. ज्यांनी फुकट उत्तरं लिहिली त्यांच्या श्रमावर उभी राहिलेली ही किंमत. लिहिणाऱ्यांच्या हाती अर्थातच काही आलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, म्हणजे विचारलं की माणसासारखी उत्तरं लिहून देणारं यंत्र. त्या यंत्राची उत्तरं कट्ट्यावर खपवू नका, अशी बंदी सदस्यांनी काही दिवसांतच घातली. पण २०२३ मध्ये कंपनीनं ती अमलात आणणंच अवघड केलं, तेव्हा विनावेतन देखरेख करणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट चक्क संप केला. २०२४ मध्ये कंपनीनं त्याच यंत्राच्या मालकांशी करार केला. निषेध म्हणून आपली उत्तरं खोडणाऱ्या काहींची खाती तात्पुरती बंद झाली. जिथे स्वयंसेवकांच्या श्रमाची अशी कदर होते, तिथे जिव्हाळा कुठून टिकणार?

एकेकाळी तिथे महिन्याला दोन लाखांच्या घरात नवे प्रश्न येत. २०२५ मध्ये ती संख्या काही हजारांपर्यंत उतरली. घसरण यंत्र येण्याच्या आधीपासूनच होती, यंत्रानं तिला जोर दिला. लोक आता यंत्राला विचारतात. माझ्या मुलीही तेच करतात. मी एकीला विचारलं, का गं? ती म्हणाली, "ताई, ते कधी चिडत नाही. तोच प्रश्न दहादा विचारला तरी हसत नाही."

मैत्रिणींनो, या वाक्यावर आपण थांबून विचार केला पाहिजे. यंत्र हुशार आहे म्हणून ती तिकडे गेली नाही. तिला तिथे अपमान सोसावा लागत नाही म्हणून गेली. तिला मी दोष देणार नाही. अपमान न होता शिकता येणं हा तिचा हक्क आहे, आणि तो माणसांनी दिला नाही म्हणून ती यंत्राकडे वळली.

पण यात तिचं काय जातं तेही पाहिलं पाहिजे. कट्ट्यावर, कितीही कडवट असला तरी, विचारणारी एक दिवस उत्तर देणारी होऊ शकत होती. चार लोक तिचं नाव ओळखू शकत होते, त्यातून नोकरी मिळू शकत होती. चुकीच्या उत्तरावर तिसरा येऊन 'हे बरोबर नाही' असं सगळ्यांसमोर सांगत होता. यंत्र बेधडक चुकीचं सांगतं तेव्हा तिच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी नसतं. आणि तिला सुचलेलं उत्तर पुढच्या मुलीच्या उपयोगी पडत नाही. आपण सगळ्या चळवळीत काय शिकलो? माझं दुःख माझ्या एकटीचं नाही, हे चारजणी एकत्र बसल्यावर कळतं. न समजणं हेसुद्धा एकटीचं नसतं. पण ते एकत्र बसल्याशिवाय कळायचं कसं? गोड बोलणारं यंत्र उत्तर देईल, सोबत देणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या घरचा. 'हा मुद्दा मागेच झाला आहे', 'आधी वाचून या, मग बोलू' ही वाक्यं फक्त संगणकवाले बोलतात असं नाही. कोणत्याही संघटनेच्या बैठकीत ती ऐकू येतात. पितृसत्ता म्हणजे काय, असं नव्या मुलीनं विचारलं की जुन्या कार्यकर्त्या एकमेकींकडे पाहतात. मग ती मुलगी पुढच्या बैठकीला येत नाही, आणि आपण म्हणतो, आजच्या पिढीला चळवळीचं काही पडलेलंच नाही.

तेव्हा चर्चेसाठी तीन सूचना ठेवते. एक, मंडळाच्या जागेत आठवड्यातून एक संध्याकाळ शिकणाऱ्या मुलींसाठी राखावी. संगणक असो, कायदा असो, बँकेचा अर्ज असो, कितव्यांदाही विचारलेला प्रश्न तिथे चालेल. संध्याकाळी उशीर होणार असेल तर घरी पोचवायची व्यवस्था आपली. दोन, नव्या येणारीला पहिले तीन महिने एक जुनी मैत्रीण नेमून द्यावी, मदतीच्या त्या खोलीसारखी. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, या कामाची नोंद वार्षिक अहवालात करावी. मोर्चे किती काढले हे आपण लिहितो, तसंच कुणी किती तास नव्या मुलींसोबत बसून समजावलं हेही लिहावं. जे मोजलं जाईल तेच टिकेल.

मी थांबते. आता चर्चा सुरू करू. आज ज्या पहिल्यांदा आल्या आहेत, त्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे.